नूर कॅमेरा हाऊसचा पडदा

चंद्रपूर
९ ऑगस्ट २००४

अजीमभाई,

सलाम. तुझं पत्र पोस्टमनने दुकानात आणून दिलं तेव्हा अब्बा काउंटरमागे खुर्चीवरच होते. कुणाचं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नागपूरच्या रोलवाल्या व्यापाऱ्याचं. मग तिथेच उभं राहून सगळं वाचलं. आपल्याला मराठी शाळेत घातलं त्याचा असा उपयोग होईल, हे अब्बांच्या ध्यानात आलं नसेल. त्यांना उर्दूच वाचता येतं.

तू भांडून हैदराबादला गेलास त्याला तीन वर्षं झाली. अम्मी गेली तेव्हा आलास, जनाज्याला खांदा दिलास आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. अब्बांशी एक शब्द बोलला नाहीस. आता एकदम दोन पानं लिहिलीस, ती दुकानाबद्दल. घरमालकाने तुला फोन केला असेल, त्याला जागा मोबाईलच्या दुकानासाठी हवी असेल, मोबदलाही बरा देत असेल. पण अब्बांना तू समजव, असं मला लिहितोस. मी काय समजवू? तू हेच बोललास तेव्हा त्यांनी तुझ्या अंगावर ट्रायपॉड फेकला होता. मी तर त्यांच्या हातापासून एका पडद्याच्या अंतरावर बसते.

आणि ते वाक्य मला आवडलं नाही, की जागा सोडली तर तहसीनचं लग्न होऊन जाईल. माझं नाव त्यात घालू नकोस.

गल्लीचं विचारलंस. गुणवंतरावांचा स्टुडिओ बंद झाला. तिथे आता साड्यांना फॉल लावून देतात. रॉयलवाल्यांनी लॅबची मशीन भंगारात दिली आणि दारावर मोबाईलची कव्हरं टांगली. कोपऱ्यावरचा म्हातारा दुकान विकून मुलीकडे वर्ध्याला गेला. जाताना त्याच्या घरच्यांनी जुने मेलेले कॅमेरे पोत्यात भरून आपल्याकडे आणून दिले. सुटे भाग काढायला उपयोगी पडतील म्हणून. अब्बा दुपारभर ते पोतं मांडीशी घेऊन बसले होते. एकेक कॅमेरा हातात घेऊन कुरवाळून ठेवत होते. आता गोल बाजाराच्या या बाजूला कॅमेऱ्याचं दुकान आपलंच आहे.

अब्बा मजेत आहेत. नजर अजून अशी आहे की लेन्सवरची बुरशी लांबून ओळखतात. काळजी करू नकोस. करत असशील तर.

तहसीन

चंद्रपूर
२१ ऑक्टोबर २००४

अजीमभाई,

मागच्या पत्रात अब्बांच्या नजरेबद्दल लिहिलं ते खोटं होतं.

अब्बांना दिसत नाही. कमी दिसतं असं नाही, दिसतच नाही. उजेड कुठून येतोय तेवढं गेल्या वर्षापर्यंत कळायचं, आता तेही गेलं. काळा मोतीबिंदू आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, लवकर यायला हवं होतं. लवकर कसे जाणार, त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मलाही अम्मीच्या चाळिसाव्यानंतर कळलं. चहाचा कप ते बशीच्या शेजारी ठेवत होते आणि हाताने बशी शोधत होते. मी बशी कपाखाली सरकवली. त्यांनीच माझं मनगट धरलं आणि म्हणाले, अजीमले सांगशील नको. मी कसम खाल्ली. आज ती मोडली.

मग दुकान कसं चालतं, विचारशील. असं चालतं. सकाळी मी हात धरून आणते. गल्लीच्या तोंडाशी हात सोडते. तिथून दुकानापर्यंतची जमीन त्यांना पाठ आहे, ताठ मानेने चालत येतात. गिऱ्हाईक आलं की कॅमेरा हातात घेतात, कानाशी धरतात, बटण दाबतात. "काऊन भाऊ, पाण्यात पडला होता काय?" गिऱ्हाईक चकित. कान अजून तसाच आहे, रोग बरोबर सांगतात. मग म्हणतात, आठ दिवसांनी या. गिऱ्हाईक पायऱ्या उतरलं की कॅमेरा मागे पडद्याआड सरकवतात. पडद्याआड मी असते.

तू नववीत होतास तेव्हा तुला शिकवायला बसवलं होतं ना, तू स्क्रू हरवायचास आणि मी जमिनीवरून शोधून द्यायची. तेव्हापासून मी बघतच होते. आरसा अडकला असेल, शटरचं कापड फाटलं असेल, लेन्समध्ये बुरशी असेल, सगळं मी करते. चंद्रपुरात कॅमेरा उघडला की आधी कोळशाची भुकटी निघते, ती ब्रशने काढायची आणि मग खरा रोग शोधायचा. मला हे काम आवडतं, भाई. हे मी अजून कुणाला बोललेली नाही.

पण गिऱ्हाईक असताना मी शिंकसुद्धा दाबते. पोरीच्या हातात कोण आपला कॅमेरा देईल, असं अब्बा म्हणतात. खरंही असेल. उन्हाळ्यात त्या कोंदट जागेत पंखा लावता येत नाही, बारीक भाग उडतात. मी घामाने निथळत बसते आणि बाहेर अब्बा लोकांची शाबासकी घेतात. "नूर मोहम्मद भाऊ, तुमच्या हातात जादू आहे." ते हसतात. हात मांडीवर रिकामे असतात.

गेल्या आठवड्यातच दीक्षाभूमीचा सोहळा झाला. तुला आठवतं, या दोन दिवसांत आपल्याला जेवायला फुरसत नसायची. कोरपन्याहून, एटापल्लीहून, पार सिरोंच्याहून लोक यायचे आणि घरी जाण्याआधी सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायचे. यंदा मैदानाच्या फाटकाशी दोन पोरं छपाईची मशीन घेऊन बसली होती. उभं राहा, फोटो घ्या, जा. आपल्याकडे एक म्हातारं जोडपं आलं. अब्बांनी कॅमेरा डोळ्याला लावला, माणसांच्या आवाजावरून नेम धरला आणि फोटो काढला. धुतल्यावर बघितलं, तर बाईंचा अर्धाच चेहरा आला होता. ते दोघं घ्यायला आले तेव्हा अब्बांनी रोलमध्ये दोष निघाला म्हणून सांगितलं. म्हातारे तसेच परत गेले.

मला रडू आलं नाही. मला फक्त दाराबाहेर जायचं होतं.

तहसीन

चंद्रपूर
१७ जानेवारी २००५

अजीमभाई,

तू लिहिलंस, मग तर दुकान ताबडतोब सोडा. तुला फार सोपं वाटतं. अब्बांना घेऊन जा म्हणून लिहीन म्हटलं, तर तुझ्या पत्राच्या शेवटी आधीच लिहिलेलं आहे की हैदराबादची खोली लहान आहे. लहान खोलीबद्दल मला सांगू नकोस.

एक गोष्ट सांगते. बल्लारपूरच्या शाळेत फैज नावाचे मास्तर आहेत. उर्दू आणि भूगोल शिकवतात. वडिलांचा जुना कॅमेरा दुरुस्तीला घेऊन आले होते. मी त्यात पंधरवडा घालवला, कारण एक स्प्रिंग कुठेच मिळत नव्हती, ती शेवटी पोत्यातल्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढली. घ्यायला आले तेव्हा अब्बा गल्लीतल्याच मशिदीत गेले होते. मी काउंटरवर उभी होते. मास्तरांनी मागचं झाकण उघडून शटर दाबून बघितलं आणि विचारलं, हे तुम्ही केलंत का? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, तुमच्या नखात काळा रंग आहे, तोच आतल्या कडेला नवीन लावलेला दिसतोय. मी हात ओढणीत घेतला. ते सलाम करून गेले.

त्यानंतर ते रोल घ्यायला येऊ लागले. एवढे रोल कुणाला लागत नाहीत. शाळेतल्या पोरांचे, नदीचे, कागदाच्या गिरणीच्या धुराड्याचे फोटो काढायचे आणि धुवायला इथेच द्यायचे. एका रोलमध्ये बांबूने भरलेल्या ट्रकवर बसलेली एक बाई होती, इतकी बिनधास्त की मी तो फोटो सुकताना बराच वेळ बघत राहिले.

मागच्या जुम्म्याला त्यांचे मामा आले. मी पडद्याआड होते, हातात स्क्रूड्रायव्हर, समोर उघडा कॅमेरा. मामांनी रीतीने विषय काढला. मुलगा शिकलेला आहे, पगारदार आहे, पोरीला बल्लारपूरहून रोज दुकानात यायला हरकत असणार नाही, असंसुद्धा म्हणाले. अब्बा म्हणाले, "घर चांगलं आहे जी. पन पोरगी तयार नाई. मी विचारून पाह्यलं."

त्यांनी मला विचारलं नव्हतं, भाई. कधीच नाही.

मी पडदा सरकवून बाहेर येऊ शकले असते. मध्ये नुसतं कापड आहे, अम्मीच्या जुन्या चादरीचं. पण मी बाहेर आले असते तर मामांनी अब्बांकडे बघितलं असतं, आणि अब्बांनी आवाजाचा अंदाज घेत भलतीकडेच तोंड वळवलं असतं, आणि सगळं उघडं पडलं असतं. म्हणून मी बसून राहिले. मामा गेले. अब्बांनी पडद्याकडे तोंड न करता विचारलं, चहा करतेस काय? मी केला.

मास्तर नंतर आले नाहीत. त्यांचा एक धुतलेला रोल इथेच पडून आहे.

तहसीन

मोहर्ली
१२ मार्च २००५

अजीमभाई,

पत्ता बघून दचकला असशील. मी आणि अब्बा ताडोबाच्या जंगलात आहोत, वनखात्याच्या क्वार्टरमध्ये. मोहफुलांचा वास इतका आहे की झोपेतसुद्धा गोड लागतं.

गुणवंतरावांची सत्यशीला आठवते? माझ्या वर्गात होती. डार्करूममध्ये खेळत वाढलेली. ती आता वाघ मोजणाऱ्या संशोधकांबरोबर काम करते. या लोकांनी जंगलाच्या वाटांवर लोखंडी पेट्या बांधल्यात. पेटीत रोलचा कॅमेरा असतो. समोरून जनावर गेलं की तो आपोआप फोटो काढतो, आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखतात. पण पेट्यांत दव शिरतं, मुंग्या घर करतात, उंदीर वायर कुरतडतात. महिन्याभरापूर्वी सत्यशीला असे बंद पडलेले कॅमेरे पिशवीत घेऊन दुकानात आली. नागपुरात आता कुणी रोलच्या कॅमेऱ्याला हात लावत नाही, म्हणाली.

मी ते सगळे चालू केले. इतक्या दिवसांत पडद्याआड बसल्याचं विसरायला झालं असं हे पहिलंच काम. एकातून तर मुंग्यांची पांढरी अंडी निघाली. एकात रोल अर्धा होता, तो धुतला तर त्यात अस्वल होतं, पाठीवर दोन पिल्लं घेतलेलं.

संशोधकांचे साहेब खूश झाले. त्यांनी निरोप पाठवला की नूर मोहम्मद भाऊंनी उन्हाळाभर मोहर्लीला येऊन राहावं, जागेवरच दुरुस्ती होईल, राहायची सोय करू. मला वाटलं अब्बा नाही म्हणतील. ते हो म्हणाले. गल्लीतल्या सगळ्यांना सांगितलं, सरकारने जंगलात बोलावलं आहे. पोरगी सोबत येईल, स्वयंपाकाला.

चार-पाच दिवस निभलं. कॅमेरे क्वार्टरवर यायचे, दार लावून मी करायची. पण काल साहेब म्हणाले, एक पेटी वाटेवरच अडली आहे, आपण सगळे जाऊ. जीपने गेलो. बुधू म्हणून इथले जुने वनमजूर आहेत, त्यांनी झाडावरून पेटी सोडली आणि अब्बांच्या हातात दिली. मी अब्बांच्या कोपराला लागून उभी होते.

अब्बांनी बोटांनी पेटी उघडली. खरं सांगते, सुंदर उघडली. एकेक स्क्रू काढून डाव्या मुठीत ठेवत होते. साहेब, ड्रायव्हर, सत्यशीला, सगळे बघत होते. मग कुठेतरी वानरं ओरडली, अब्बा दचकले, आणि स्क्रू खाली पालापाचोळ्यात पडला. चांगला अंगठ्याच्या पेराएवढा स्क्रू, उन्हात चमकत होता, त्यांच्या चपलेजवळच. कुणालाही दिसला असता. अब्बा खाली बसले आणि भलत्याच बाजूला हात फिरवू लागले. पानं चाचपत राहिले. बुधूंनी हळूच तो स्क्रू उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि तोंड फिरवून उभे राहिले.

सत्यशीलाने पेटी अब्बांच्या हातातून काढून माझ्यापुढे धरली. "तू कर, तहसीन."

अब्बा उभे राहिले. चेहरा साहेबांकडे वळवायचा होता, तो झाडाकडे वळला. झाडाला सांगितल्यासारखं ते म्हणाले, "तिले येत नाई."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनी विचारलं, येतं का तुम्हाला?

मी म्हटलं, नाही येत.

तसं का म्हटलं ते मला कळत नाही. त्या जंगलात भिंत नव्हती, पडदा नव्हता. नजर जाईल तिथपर्यंत मोकळं होतं. आणि मी तिथेही आतच होते.

उद्या सकाळच्या बसने चंद्रपूरला परत जातोय. साहेब नीट बोलले, भाऊंना आराम पाहिजे म्हणाले. अब्बा कालपासून खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. मी त्यांना भात भरवते आहे आणि ते खात आहेत.

तहसीन

चंद्रपूर
३० जुलै २००५

अजीमभाई,

तुझी तीन पत्रं आली, उत्तर दिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. दुकान उघडायचं, बसायचं, बंद करायचं. रोलचा व्यापारी म्हणाला की कंपनीकडूनच माल कमी येतोय, आता मागवत जाऊ नका. दुरुस्तीला दिवसच्या दिवस काही येत नाही. मोहर्लीनंतर अब्बांच्या डोळ्यांचं आता गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुणी त्यांच्या तोंडावर बोलत नाही, आणि अब्बा अजून गल्लीच्या तोंडाशी माझा हात सोडतात.

परवा दोन गोष्टी झाल्या, त्या सांगायला लिहितेय.

दुपारी सत्यशीला आली. सरळ पडदा बाजूला करून आत आली आणि माझ्यासमोर पोत्यावर बसली. अब्बा बाहेर खुर्चीवर होते. ती त्यांना ऐकू जाईल अशाच आवाजात बोलली. म्हणाली, "तुले येते. मी पाह्यलं हाय. क्वार्टरच्या खिडकीतून रोज पाहत होती मी." दिवाळीनंतर काम परत सुरू होणार आहे, साहेबांना कॅमेरे सांभाळणारं माणूस कायमचं हवं आहे, तिने माझं नाव सांगितलं आहे. मोहर्लीला खोली मिळेल, ती स्वतः शेजारीच राहते. मी म्हटलं, अब्बांना कोण बघेल? ती म्हणाली, तुझा भाऊ मेला आहे काय?

राग मानू नकोस, ती अशीच बोलते.

ती गेली. तेवढ्यात घरमालक आला. तो तर तुझाच माणूस झालाय आता. बसला, पाणी प्यायला, आणि जागेचं काढलं. अब्बा शांतपणे म्हणाले, "भाऊ, माह्यासाठी ठेवून नाई राह्यलो. पोरीसाठी ठेवून राह्यलो. तिचं दुसरं काय आहे?"

मी आत होते. एका बाजूने तू लिहितोस की तहसीनसाठी दुकान सोडा. दुसऱ्या बाजूने ते म्हणतात की तहसीनसाठी ठेवलं आहे. मास्तरांच्या मामांना सांगितलं, तहसीन तयार नाही. साहेबांना सांगितलं, तहसीनला येत नाही. माझ्या नावाने एवढं सगळं झालं आणि त्यात मी कुठेच नव्हते.

मी पडदा धरून ओढला. दांडी जुनी होती, दांडीसकट खाली आला. घरमालक उभाच राहिला. मी अब्बांसमोर जाऊन म्हटलं, "अब्बा, मी हे दुकान मागितलं नव्हतं."

घरमालक निघून गेला. बाहेरून कोळशाचे ट्रक जात होते, काउंटरची काच थरथरत होती. मला वाटलं आता ओरडतील, काहीतरी फेकतील. फेकायला ट्रायपॉड तिथेच होता.

ते म्हणाले, "मले ठाऊक आहे बेटा. तुले पहिल्यापासून काय पाहिजे, मले ठाऊक आहे. पन तू गेली, तर दिवस निघाला म्हनून मले कोन सांगन?"

ती कसम घेतल्यानंतर डोळ्यांबद्दल ते स्वतःहून बोलले ते हे पहिल्यांदा. मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, मग कपाळावर, नाकावर, हनुवटीवर. कॅमेरा हातात घेतल्यावर फिरवतात तसा त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. म्हणाले, तू तुझ्या अम्मीसारखी झाली म्हणतात, खरं काय? मी म्हटलं, नाही, तुमच्यासारखी झाले.

पडदा मी परत लावला नाही. पण सत्यशीलाला अजून होकारही कळवलेला नाही.

तहसीन

चंद्रपूर
६ नोव्हेंबर २००५

अजीमभाई,

हे पत्र छोटं आहे. नीट वाच.

ईद झाली. मी सत्यशीलाला हो म्हटलं आहे. येत्या रविवारी सकाळी ती जीप घेऊन येईल आणि मी मोहर्लीला जाईन. अब्बांना ईदच्या आधीच सांगितलं. त्यांनी दोन दिवस अबोला धरला, मग स्वतःच्या हाताने मला बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच काढून दिला, ज्याला ते कुणाला हात लावू देत नसत. तोंडाने हो म्हटलेलं नाही. म्हणणारही नाहीत.

तू शनिवारपर्यंत ये. पाहुण्यासारखा नको, राहायला ये. हैदराबादची खोली लहान आहे, आपलं घर लहान नाही. जागा सोडायची की ठेवायची, तिथे मोबाईल विकायचे की काय करायचं, ते तू आणि अब्बा समोरासमोर बसून ठरवा. मी मध्ये नाही. माझ्या लग्नाचं कारण कुणी सांगायचं नाही.

सकाळी त्यांना उठवताना आधी खिडकी उघड आणि मग हाक मार. उन्हाची ऊब तोंडावर आली की ते स्वतःच विचारतात. चहाचा कप हातात दे, समोर ठेवू नकोस. गल्लीच्या तोंडाशी हात सोड म्हणाले तर सोड.

तू आला नाहीस तर? हे मी स्वतःला फार वेळा विचारलं. तू आला नाहीस तर रविवारी मी दुकानाला कुलूप लावीन, अब्बांना जीपमध्ये बसवीन आणि सोबत घेऊन जाईन. जंगलात त्यांच्यासाठी खोली नाही, व्हरांडा आहे. तिथे ठेवीन. पण मी जाईन.

तहसीन

मोहर्ली
२२ जानेवारी २००६

अजीमभाई,

या वेळी पाकिटावर हैदराबादऐवजी गोल बाजार लिहिताना हात अडखळला.

तू शुक्रवारी रात्रीच पोचलास, दोन बॅगा घेऊन, हे मी इथे सगळ्यांना सांगते. अब्बांनी तुला बघून, म्हणजे ऐकून, फक्त "चप्पल बाहेर काढ" म्हटलं, तेही सांगते. बुधू फार हसले.

तुझं पत्र मिळालं. जागा सोडली, हे वाचून मी थोडा वेळ तळ्याकाठी जाऊन बसले. वाईट वाटणार हे ठाऊक होतं. पाटी उतरवताना अब्बा खाली उभे राहून "डावीकडून धर, पडन" म्हणत होते, असं लिहिलंस. बरं झालं ते तिथे होते. तू नव्या मोबाईलच्या दुकानात नोकरी धरलीस आणि त्या मालकाने अब्बांची खुर्ची दारात ठेवू दिली, हेही बरं झालं. भांडणं होतात लिहिलंस. होतीलच. आता तुला कळलं असेल, त्या खुर्चीपासून फार लांब जाता येत नाही. मी आनंदाने लिहीत नाही. महिन्यातून चार दिवस मी येईन, तेव्हा तू कुठेतरी जाऊन ये.

फैज मास्तरांचा रोल त्यांना पोचवलास, त्याबद्दल शुक्रिया. त्यांचं लग्न ठरलं आहे, हे तू दोन ओळी सोडून खाली लिहिलंस, मला वाईट वाटेल म्हणून. वाटलं. ते माझं मी बघेन.

माझं काम चालू आहे. साहेब सांगतात की दोन-चार वर्षांत इथेही बिनरोलचे कॅमेरे येतील, मग हे सगळं जुनं होईल. मी त्यांना म्हटलं, मुंग्या त्यातही शिरतीलच. रोज बुधू आणि मी वाटेने चालत जातो, पेट्या उघडतो, रोल बदलतो. वाघ मी अजून पाहिलेला नाही. त्याच्या पंजांचे ठसे रोज पाहते, माझ्या पावलांच्या वर उमटलेले. म्हणजे आम्ही गेल्यावर तो येतो.

सोबत एक फोटो पाठवतेय. नवीन रोल घातला की पेटी बरोबर लागली का ते बघायला कुणीतरी वाघाच्या उंचीने तिच्यासमोरून जावं लागतं. बुधूंचे गुडघे दुखतात, म्हणून ते मी करते. त्यामुळे इथल्या प्रत्येक रोलमध्ये पहिला फोटो माझा असतो, आणि मग सांबर, रानकुत्रे, वाघ.

हा फोटो अब्बांना सांग. नुसतं छान आहे म्हणू नकोस, एकेक करून सांग. की तहसीन दोन हात आणि दोन गुडघ्यांवर आहे. ओढणी कमरेला बांधली आहे. केसांत पालापाचोळा आहे, एक कोपर मातीने भरलं आहे. मागे वाट आहे, मोकळी, पार वळणापर्यंत. आणि ती मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघते आहे, तोंड उघडं आहे. हसते की ओरडते, असं ते विचारतील.

ओरडते आहे म्हणून सांग. वाघ कसा ओरडतो ते बुधूंना करून दाखवत होते.

तहसीन